मानमोडीच्या सालचा दिवाळसण

वसुबारसेच्या सकाळी रवळूची बैलगाडी शाळेमागच्या खोलीपुढं येऊन उभी राहिली, तेव्हा चंदनाची सगळी तयारी झाली होती. ट्रंक बांधली होती, हंडे पालथे घातले होते, चुलीतला विस्तव विझवला होता. वैशाखात लग्न झालं, श्रावणात ती नवऱ्यामागनं या आंबेगाळीला आली, आणि तेव्हापासून ती हाच एक दिवस मोजत होती. आज बेळगावात मुक्काम करायचा, उद्या काकतीवरून पुण्याच्या सडकेला लागायचं, आणि चतुर्दशीला ऊन चढायच्या आत निपाणी गाठायची. पहिला दिवाळसण होता. सोळा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं?

भुजबली मास्तर उंबऱ्यावर बसून वहाणा चढवत होता. एक चढवली, दुसरीसाठी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"अवो, उठा की," चंदना म्हणाली.

"मान धरली गं," तो म्हणाला. "जरा थांब. उठतो."

रवळू गाडीवरनं खाली उतरला. मास्तरच्या कपाळाला हात लावला आणि बैलांचं जू सोडायला लागला.

"रवळूमामा, बैल का सोडताय?"

"पोरी, ही मानमोडी हाय," रवळू म्हणाला. "आता कुठं जातीस?"

त्या वर्षी मानमोडीनं मुलूख झोडपून काढला होता. लढाईवरनं बोटीनं आली म्हणत. आधी थंडी वाजायची, मग मान मोडून टाकल्यासारखी व्हायची, छातीत कफ दाटायचा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस जायचं. म्हातारी माणसं तग धरायची आणि तरणीताठी जायची. पिरनवाडीपासून जांबोटीच्या रानापर्यंत असं एक गाव नव्हतं, जिथं रोज एकदोन तिरड्या निघत नव्हत्या. आंबेगाळी आडरानात म्हणून इतके दिवस वाचली होती.

चंदनानं ट्रंक उघडून अंथरूण बाहेर काढलं. ट्रंक तशीच उघडी राहिली. वर तिची नवी इरकली आणि भुजबलीचा कोरा फेटा होता.

आंबेगाळीत जैनांचं दुसरं घर नव्हतं. देवदर्शनाला बस्ती नव्हती, बस्तीतली घंटा नव्हती, पाणी गाळून प्यायचं असतं हे माहीत असलेलं माणूस नव्हतं. सगळी मराठ्यांची शेतकरी घरं. माणसं मायेची होती, पण चंदना सूर्य मावळायच्या आत जेवून भांडी घासायला बसली की शेजारणी म्हणायच्या, "मास्तरीणबाई, कोंबड्यासंगं जेवतीस आणि कोंबड्यासंगंच निजतीस व्हय गं?" ती हसायची. दिवाळीला घरी जायचंच आहे, असं मनाशी म्हणून तीन महिने तिनं काढले होते.

निपाणीला तिच्या बापाचं, गुंडाप्पाचं, घर बस्तीच्या गल्लीत होतं. तंबाखूची वखार होती, घर भरलेलं होतं. चतुर्दशीच्या दुपारी तिची आव्वा, म्हणजे आई लक्ष्मीबाई, न्हाऊन, ओलेत्यानं, कुणाला शिवू न देता, लाडवासाठी बुंदी पाडायची. सगळ्या बुंदीचा मिळून एकच लाडू, नारळाएवढा. अमावास्येच्या पहाटे महावीरस्वामींच्या निर्वाणाला तो बस्तीत वाहायचा. पण त्यांच्या घराची एक रीत गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. लाडू घराबाहेर पडायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं ताटाला हात लावायचा, थोरापासून धाकट्यापर्यंत. जो परगावी असेल त्याचं नाव लक्ष्मीबाई मोठ्यानं घ्यायची आणि त्याच्या वाटचा हात आपण लावायची. एकदा चंदनाचा थोरला भाऊ आण्णाप्पा शिकायला कोल्हापूरला होता, तेव्हा आव्वानं त्याचं नाव असं घेतलं होतं की गल्लीतली कुत्री जागी झाली होती.

चतुर्दशीला दुपारी भुजबलीच्या छातीवर ओला फडका ठेवता ठेवता चंदनाच्या मनात सारखं तेच येत होतं. आता आव्वानं कढई चढवली असेल. आता झाऱ्यातनं बुंदी पडत असेल. वाट बघून बघून आप्पा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आले असतील.

शेजारी हंबरडा ऐकू आला. नागुबाईच्या घरातला. नागुबाई म्हणजे रवळूची बायको. तिचा मुलगा पलटणीत, बसऱ्याच्या लढाईवर होता. घरात सून होती, चंदनापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला तापून तीनच दिवस झाले होते. चंदना दारापर्यंत गेली आणि परतली. नवऱ्याला सोडून तिला जाता येईना, आणि इथं बसून ऐकवेनाही.

सुनेला पोचवून आल्यावर त्याच पावली रवळू गाडी जोडून बेळगावला निघाला. पोराच्या पलटणीला तार करायची होती. जाताना चंदनाच्या दारात थांबला.

"डाक्टर गावला तर घेऊन येतो," म्हणाला. "धीर सोडू नगंस."

ज्याच्या सुनेची चिता अजून धगधगत होती, तो माणूस तिला धीर देत होता. 

अमावास्येला फटफटताना ती उठली. भुजबली बरळत होता. वर्गातल्या पोरांना पाढे म्हणायला सांगत होता. सात साते, सात साते, एवढंच म्हणायचा आणि पुढचं त्याला आठवत नसे. तिनं अंगावर गार पाणी घेतलं. घरात हरभऱ्याचं पीठ नव्हतं, तूप वाटीच्या तळाशी होतं. मूठभर तांदूळ भाजून तिनं जात्यावर भरडले, गूळ चिरला, आणि लाडू वळायला बसली. गूळ गेल्या हिवाळ्याचा, कडक. लाडू वळला की फुटायचा. पुन्हा वळायची, पुन्हा फुटायचा. शेवटी ताटलीत ढीगच उरला, त्यालाच तिनं हातानं दाबून दाबून गोल आकार दिला.

देव्हारा नव्हता. ट्रंकेचं झाकण लावून त्यावर तिनं ताटली ठेवली आणि उत्तरेकडं, निपाणीच्या दिशेला, तोंड करून बसली. णमोकार मंत्र म्हटला. पुढं निर्वाणाचा पाठ म्हणायचा होता, तो दरवर्षी आप्पा म्हणत. दोन ओळी तिला आल्या. तिसरी आली नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच अडकली. दर दिवाळीला डोळे चोळत, जांभया देत आपण हे ऐकलं आणि एकदाही नीट कान दिला नाही! तिला स्वतःचीच चीड आली.

मग तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. "आप्पा." ताटलीला हात लावला. "आव्वा. आण्णा. वैनी." धाकट्या बहिणीचं, जिनीचं, नाव घेताना आवाज फुटला. तिकडं या घटकेला आव्वा आपलं नाव घेत असेल. चंदना, आणि जावई भुजबली. एवढ्या एका गोष्टीला धरून ती बसली होती.

नवऱ्याचं नाव राहिलं होतं. ते ती घेत नव्हती. बायका घेत नाहीत. ती अंथरुणापाशी गेली, त्याचा तापलेला हात उचलला तर तो ट्रंकेपर्यंत पोचेना. म्हणून ताटलीच तिकडं नेली आणि त्याची बोटं काठाला टेकवली. तेवढ्या वेळात ट्रंकेवर सांडलेल्या गुळाला मुंग्या लागल्या. सणाच्या दिवशी जीव मरायला नको म्हणून एकेक मुंगी फुंकरीनं बाजूला करत ती कितीतरी वेळ बसून राहिली. अश्रू गळत होते आणि मुंग्या काही संपत नव्हत्या.

दुपारी रवळू आला, एकटाच.

"डाक्टर न्हाय गं पोरी. दवाखान्यापुढं माणसं रस्त्यावर झोपल्यात. डाक्टरच तापलाय म्हणं. दुकानं बंद, मसणात लाकडं न्हाईत." त्यानं खिशातनं एक कार्ड काढलं. "टपालवाला भ्याला, पिरनवाडीच्या फुडं येत न्हाय. हे तुमचं तिथं पडलं हुतं."

कार्ड आण्णाप्पाच्या हातचं होतं. चंदनाला नवऱ्यानं तीन महिन्यांत जेवढं शिकवलं होतं, तेवढ्यावर ती अक्षर अक्षर लावून वाचू लागली.

"चिरंजीव चंदनास आशीर्वाद. तुम्ही उभयतांनी येऊ नये. मातोश्री तापाने आजारी. घरात चौघे अंथरुणावर. उपाध्ये वारले, बस्तीस कुलूप आहे. लाडू करण्यास कोणी नाही. मीही पडून लिहीत आहे."

कार्डावर तिथी त्रयोदशीची होती.

तिनं ते दोनदा वाचलं. म्हणजे काल कढई चढलीच नव्हती. आज पहाटे कुणी उठलं नव्हतं, कुणी ताटाला हात लावला नव्हता, कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. पहाटेपासून ज्या घराकडं तोंड करून ती बसली होती, त्या घरात त्या वेळी नुसती कण्हणारी माणसं होती. आव्वा तापलीय. जायला वाट नाही, आणि गेलं तर इथं हा माणूस एकटा मरणार. चंदना कार्ड हातात घेऊन जमिनीवर बसली. 

"काय लिवलंय?" रवळूनं विचारलं.

"येऊ नगा म्हणून लिवलंय."

उन्हं कलताना नागुबाई आली. तिचे डोळे सुजले होते, केस मोकळे होते. पदराखाली एक तांब्या आणि एक लहान बुधली होती. भुजबलीच्या छातीला कान लावून तिनं ऐकलं. आत कढईत पाणी खदखदावं तसा आवाज येत होता.

"कफ सुटाया पायजे," ती म्हणाली. "आजची रात जड हाय. हा काढा हाय, अडुळसा, सुंठ, मिरी. आणि हा मध, रानातला. घटकेघटकेला एक पळी, मधात कालवून, सकाळपतुर."

चंदना चटका बसल्यासारखी मागं सरली. "मध नगं, नागुमावशी. आम्हांस्नी चालत न्हाय. आणि दिवस मावळल्यावर तर पाणी बी चालत न्हाय."

"मग नुसता काढा घाल की."

तिनं नुसता काढा घातला. भुजबलीला कडू लागला, ठसका लागला, सगळा बाहेर आला. दुसऱ्यांदा घातला, पुन्हा तेच. ठसक्यानं त्याचे ओठ निळे पडले. तिसऱ्यांदा पळी तोंडाजवळ नेऊन तिनं ती परत घेतली.

"गुळात घालते."

"गुळानं कफ वाढतोय गं बाई. माझ्या सुनेला मध घालाया मला उशीर झाला. रानात शोधत फिरले आणि आले तर..." नागुबाई थांबली. तिनं बुधली चंदनाच्या हातात कोंबली आणि आपला पदर पसरला. "पाप म्हणतीस न्हवं? ते हितं घाल, माझ्या पदरात. माझं आता काय ऱ्हायलंय जायचं? पर त्याला पाज."

ती गेली. चंदना बुधली हातात धरून बसली. मधाचा एक थेंब म्हणजे सात गावं जाळल्याचं पाप. हे लहानपणी तिला आव्वानं सांगितलं होतं, आणि लग्न झाल्यावर एकदा भुजबलीनंही. त्याच्या बापानं मरताना रात्रीचं औषध नाकारलं होतं, ते तो अभिमानानं सांगायचा. अशा माणसाला आपण काय पाजणार आहोत? आणि तेही आज?

दाराबाहेर उजेड तांबूस झाला, मग करडा. गावात दिवा दिसत नव्हता. दिवाळीच्या अमावास्येला सगळं गाव अंधारात होतं. भुजबलीचा श्वास आत जायचा आणि मध्येच थांबायचा, ती मोजायची, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. एकदा तो फार वेळ सुरू झाला नाही.

चंदनानं बुधलीचं बूच दातानं काढलं.

"अवो," तिनं त्याची मान मांडीवर घेतली. "तोंड उघडा. औषध हाय."

त्यानं डोळे उघडले. त्या घटकेपुरता तो शुद्धीवर होता. "दिवस... मावळलाय?"

"अजून हाय. ऊन हाय भाईर."

"काय हाय त्यात?"

"सुंठ. मिरी. गूळ."

"गूळच न्हवं?"

"गूळच."

त्यानं तोंड उघडलं. तिनं पळी ओतली आणि त्याचे ओठ हातानं मिटून धरले, बाहेर येऊ नये म्हणून. या वेळी आलं नाही. मग दुसरी पळी, मग तिसरी. किती पळ्या झाल्या ते तिनं मोजलं नाही. आपण नरकात जाऊ, एवढंच तिला कळत होतं, आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी त्याला दरदरून घाम फुटला. कफ पडायला लागला. नागुबाईनं येऊन कपाळाला हात लावला, बुधलीकडं बघितलं, आणि रिकामी बुधली पदराखाली घालून निघून गेली. 

त्याला उठून बसायला आठ दिवस लागले आणि चालायला आणखी सहा. निपाणीहून दुसरं कार्ड आलं नाही. तो नगं नगं म्हणत असताना चंदनानं गाडी जोडायला लावली. त्याला गवतावर निजवून ते निघाले. बेळगाव मागं पडलं, काकती आली. तिथं बैलांना पाणी पाजायला रवळू खाली उतरला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुमास्नी एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "त्या सांजंला औषधात गूळ नव्हता. मध हुता. आणि दिवस बी मावळलेला."

भुजबलीनं तिच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा आधीच पांढरा होता. आता तो दगडाचा झाला.

"मी विचारलं हुतं तुला."

"व्हय."

"दोनदा विचारलं."

"व्हय."

"तुला कुणी सांगितलं हुतं मला वाचवायला?" तो म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं. मुनींकडं जाऊन प्रायश्चित्त घेईन, एवढं थोड्या वेळानं बोलला, तेही रस्त्याकडं बघून. पुढं सारी वाट, संकेश्वरच्या मुक्कामातसुद्धा, तो तिच्याशी बोलला नाही. चंदनाला वाटलं, जगला, पण आपल्यासाठी जगला नाही.

निपाणीत बस्तीच्या दाराला कुलूपच होतं. वखार बंद होती. घराच्या सोप्यावर गुंडाप्पा बसले होते. चार महिन्यांपूर्वीचा तो भरदार माणूस नव्हे. खांद्यावरनं सदरा घसरत होता. जिनी त्यांच्या पायाशी बसून जोंधळे निवडत होती. लेकीला बघून ते उठले नाहीत.

"आव्वा कुठं हाय?" चंदनानं विचारलं, पण विचारताना तिला कळलं होतं.

"अमुशाला गेली," गुंडाप्पा म्हणाले. "पहाटं. तुझी वैनी दोन दिसांनी. आण्णाप्पा आत हाय, वाचंल म्हणत्यात."

चंदना सोप्यावर कोसळली. जिनीनं येऊन तिच्या गळ्याला मिठी मारली.  भुजबली भिंतीला टेकून उभा होता. मग गुंडाप्पाच बोलायला लागले. कुणाशी बोलत होते ते समजत नव्हतं.

"सारखं पाणी मागत हुती. पहाटं, दिवस उगवायच्या आधी. मी म्हटलं, एक घटका थांब, आता उजाडंल. सारा जन्म तिनं रातीचं पाणी घेतलं न्हवतं. मी म्हटलं, आजच्या दिशी, निर्वाणाच्या दिशी तिचा नेम कसा मोडू? तांब्या भरून हातात धरून बसलो. खिडकीकडं बघत. उजाडलं, तवा वळलो..." त्यांनी ओंजळ पुढं केली, तांब्या धरल्यासारखी. "भरलेलाच हुता. चंदना, चुकलं का गं माझं?"

चंदनानं तोंड उघडलं.  व्हय म्हणावं तर बाप तिथंच मरेल. न्हाय म्हणावं तर आव्वाची कोरडी जीभ डोळ्यांपुढं येत होती.

"न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "आव्वाचाच नेम हुता तो."

म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.

चंदना विहिरीवर पाणी आणायला गेली, तेव्हा भुजबली मागनं आला. अजून त्याला दहा पावलांवर दम लागत होता. विहिरीच्या कठड्याला धरून तो उभा राहिला आणि काकतीनंतर पहिल्यांदा बोलला.

"तू मला काय पाजलंस, ते आप्पास्नी कधी सांगू नगंस."

ती घागर तशीच धरून राहिली.

"त्यास्नी कळलं तर ते जगायचे न्हाईत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझं काय ते मी बघतो. प्रायश्चित्त घ्यायचंच हाय मला. पर तू पाजलंस त्यासाठी न्हवं. माझ्यासाठी. काकतीला मी जे बोललो, त्यासाठी."

तिनं मान हलवली. घागर बुडवली, भरून ओढली, पदराचं फडकं दुहेरी करून पाणी गाळलं. तो तिच्या हातातली घागर घ्यायला पुढं झाला, पण त्याला ती उचलली नाही. मग दोघांनी मिळून नेली.

शाळा सुरू झाली तसा भुजबली एकटाच आंबेगाळीला परतला. घर सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून चंदना माघापर्यंत निपाणीतच राहिली. आण्णाप्पा वाचला, पण बायको गेल्याचं त्याला पंधरा दिवस कुणी सांगितलं नव्हतं. ते चंदनालाच सांगावं लागलं. नवऱ्याची गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, त्याच दिवशी तिनं ते सांगितलं. चूल पेटवून, पेज उकळत ठेवून, हात धुऊन, ती भावाच्या अंथरुणाजवळ जाऊन बसली.